बारा खिडक्यांची फ्रेम

खडकी बाजारात, चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर
माझं एक टेबल, एक कॉम्प्युटर
आणि एक स्कॅनर, ज्याचं झाकण रबरबँडनं धरून ठेवावं लागतं.
पासपोर्ट साइज आठ प्रती, वाढदिवसाचे फ्लेक्स,
आणि फ्रेमा. एका काचेखाली अख्खं घर मावेल अशा.

प्रज्ञा ओव्हाळ आली ती मंगळवारी,
चकलीच्या रिकाम्या डब्यात फोटो घेऊन.
'पप्पा शुक्रवारी रिटायर होतायत. त्यांना सांगायचं नाहीये.
बारा फोटो, कडेनं सोनेरी वेल, कोपऱ्यात गुलाब,
आणि मधोमध, सगळ्यात मोठा, फॅक्टरीतला.'

अठरा बाय चोवीसचं नवं पान उघडलं.
निळ्या रेषा आखल्या. छापताना त्या येत नाहीत,
पण त्यांच्यावाचून काही सरळ बसत नाही.
अकरा खिडक्या भरत गेल्या:
लग्न, हार इतके जाड की नुसती कपाळं दिसतात.
पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर बसून पडलेली बायको.
हार घातलेली स्कूटर, तिच्यामागे
नंबरप्लेटीएवढी प्रज्ञा.
पदवीदानाची काळी टोपी, मुलीची,
त्यांनी स्वतः घालून काढून घेतलेली.
प्रत्येक फोटोचा पिवळेपणा वेगळा,
तो एकसारखा करता करता रात्र झाली.

बाराव्या खिडकीत करडे-पांढरे चौकोन.
'इथं काहीच नाही' हे सांगायला
सॉफ्टवेअरला अख्खा बुद्धिबळाचा पट लागतो.

'फॅक्टरीतला कुठाय?'
'नाहीच आहे. आत कॅमेरा नेऊ देत नाहीत.
मोबाइलसुद्धा गेटवर, टोकन घेऊन.
चौतीस वर्षं आम्हाला कळलं ते एवढंच,
भोंगा कधी होतो
आणि तिकडच्या साबणाचा वास कसा येतो.'

बुधवारी तिनं कपाटातून शोधून आणलं
पहिलं ओळखपत्र. कधीच बाद झालेलं.
मार्तंड ओव्हाळ, वय सव्वीस, कॉलर मानेपेक्षा मोठी,
आणि खांद्यापासून जबड्यापर्यंत चढलेला
जांभळा गोल शिक्का, अर्धा.
'तेवढा शिक्का काढा हं.'

काढायला घेतला. ज्या हत्यारानं काढायचा
त्याचं चित्रही शिक्क्याचंच.
गालाचा स्वच्छ तुकडा उचलायचा, शाईवर ठेवायचा.
पुन्हा उचलायचा, पुन्हा ठेवायचा.
गुरुवार. वीज गेलेली, यूपीएस खाली बोंबलतोय,
आणि पडद्यावर हळूहळू उरला
एक देखणा तरुण, कुठलाच नसलेला,
कुणाचाही मेव्हणा शोभेल असा.

तेवढ्यात जिन्यावर पावलं.
'पेन्शनच्या फॉर्मला जोडफोटो लागतो म्हणे,'
म्हणत एक गृहस्थ वर आले, मागे धापा टाकत बायको.
कॉलर आता बेताची. जबडा तोच.
मला खिडकी मिटवायला वेळच मिळाला नाही.

बराच वेळ बघत उभे राहिले.
'शिक्का कुठं गेला?'
मी काहीबाही बोलले.
'अहो, गेटवर तोंड कोण बघतंय?
शिक्का बघायचे. त्याच्यावर आत सोडायचे.'
मग बायकोकडे वळून, हळूच,
'मी काही पाहिलं नाही हां. उद्या चकित व्हायचंय मला.'

जोडफोटो काढला. 'हसू का?' त्यांनी विचारलं.
'पेन्शनला हसून चालत नाही,' बायको म्हणाली.

ते गेल्यावर उलटी पावलं टाकत गेले,
एकेक पायरी मागे. शाई परत आली,
जबडा, मान, खांदा.
उरलेला अर्धा शिक्का ओळखपत्राच्या पुठ्ठ्यावर होता.
तोही स्कॅन केला, वेगळ्या लेयरवर घेतला,
आणि खिडकीबाहेर येऊ दिला,
सोनेरी वेलीच्या तीन पानांवर.

शुक्रवारी सकाळी प्रज्ञानं फ्रेम उजेडात धरली.
'इथं वेलीवर शाई सांडलीय का?'
म्हटलं, हो.
पन्नास रुपये कमी केले.