दोनशे बारा न वाचलेले

पाणी चार दिवसांनी येतं, रात्री अडीचला.
डिप्लॉयही मी तेव्हाच लावते.
मोटर सुरू, कमांड सुरू,
टाकी भरेस्तोवर लॉग वर सरकत राहतो.
दोन्हींतलं एक मध्येच थांबतं, नेहमी.
कुठलं, ते आवाजावरून कळतं.

जुळे सोलापूर, तिसरा मजला, एप्रिल.
लॅपटॉपखाली स्टीलचं ताट पालथं घालते.
पुण्याच्या मीटिंगमध्ये कुणी काळजीने म्हणतं,
सर्व्हर तापलाय.
मी माइक बंद करून हसून घेते.

या धंद्यात दर दीड वर्षानं ठरतं
की कालपर्यंतचं सगळं चूक होतं.
पानावर बटण कसं ठेवायचं
हे मी चार वेळा नव्यानं शिकले.
बटण तेच आहे.
लोक अजून त्याच्या शेजारी दाबतात.

मागे एका परिषदेत वक्ता फार प्रेमानं सांगत होता,
जेकार्डचा माग म्हणजे पहिला संगणक,
पुठ्ठ्याला पाडलेली भोकं म्हणजे पहिला कोड.
टाळ्या.
घरी येऊन नायनांना सांगितलं.
एकतीस वर्षं त्यांनी तीच पुठ्ठी ओवली,
भोकाभोकातून मोर चादरीवर उतरवले.
म्हणाले, "असंल की.
मग भोकं पाडणाऱ्याला तुझ्याएवढा पगार का नव्हता,
ते सांगितलं का त्यानं?"
नव्हतं सांगितलं.
प्रश्नोत्तरांची वेळ संपली होती.

अक्कलकोट रोडला अंबादास येमूल यांचा टॉवेलचा कारखाना.
त्यांची साइट मी बनवली नाही,
गल्लीतलं मांजर मिळतं तशी ती मला मिळाली.
बनवणारा पोरगा हैदराबादला गेला, पासवर्ड घेऊन.
वर गरगरणारी पृथ्वी, खाली हजेरीचा आकडा,
आणि कडेला लुकलुकणारं "नवीन",
जे दहा वर्षं नवीनच आहे.

शेठचं म्हणणं एकच, "हा आमचा लाल नाही."
माझ्या स्क्रीनवर एक, त्यांच्या फोनवर दुसरा,
हिशेब बघणाऱ्या शकुंतला म्याकल यांच्या जुन्या मॉनिटरवर
चक्क विटकरी.
शेवटी त्यांनी टॉवेलच आणून स्क्रीनला लावला.
माझा लाल सहा अक्षरांचा.
त्यांचा: कुठलं पाणी, किती उकळी, कुणाचा हात.
मी म्हटलं, जमणार नाही.
इतकं खरं मी कुठल्याच क्लायंटशी बोलले नव्हते.

मग चौकशीचा फॉर्म तपासताना सापडलं.
फॉर्म चालत होता.
सहा वर्षं, एकदाही न चुकता,
अशा पत्त्यावर पाठवत होता
जो कुणीच उघडत नव्हतं.
दोनशे बारा न वाचलेले.
निम्मे कर्ज देणारे, टकलावर केस उगवणारे.
उरलेले टॉवेल मागणारे:
गोंदियाचं लॉज, रत्नागिरीचा दवाखाना,
तीनशे नग, पांढरे, तातडीनं.

शेठ चष्मा लावून वाचत गेले, तारखांसकट.
मला वाटलं, चिडतील.
पण पलीकडे माग चालू, त्या खडखडाटात
चिडायचं तरी ओरडावं लागतं.
एका तारखेवर बोट ठेवलं.
"दुसरी पाळी बंद केली, त्याच महिन्यात."
आणि थोड्या वेळानं,
"लिही की. उशीर झाला, माफी असावी."
"सगळ्यांना?"
"केसवाले सोडून."

असली पत्रं आता मशीन लिहितं, चुटकीत, गोडगोड.
मी त्यालाच सांगणार होते.
पण शेठनी खुर्ची ओढली
आणि एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले.
मग टाइपच करत बसले दुपारभर.
शकुंतलाताईंनी डबा पुढे सरकवला,
शेंगाचटणीचे कण अजून स्पेसबारखाली आहेत.

चौदा पत्रं परत आली, पत्ता नाही म्हणून.
बाकी गप्प.
रत्नागिरीहून एक उत्तर:
बाबा गेले, दवाखाना आता मी बघते.
टॉवेल लागतातच. रंगीतही चालतील.
फक्त एक विचारायचं होतं,
फोटोतला लाल खरंच असा आहे का?

शेठनी एक टॉवेल कागदात गुंडाळला
आणि पोस्टात टाकायला मलाच दिला.