आज रोख

नेमुरोच्या बंदरामागे, बर्फात अर्ध्या बुजलेल्या गल्लीत
माझा स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो, शाळेचे फोटो,
आणि आपला शेवटचा फोटो
आपणच निवडून ठेवणारी म्हातारी माणसं.
तोमाबेची फुसाए बाई त्यासाठीच आल्या,
निळ्या किमोनोखाली गमबूट घालून.
म्हणाल्या, नवऱ्याचा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या
घोळक्यातून कापून काढावा लागला,
अजून त्याच्या खांद्यावर परक्याची बाही आहे.

नवा कॅमेरा येऊन चार दिवस झाले होते.
जुन्यात आरसा होता. एकतीस वर्षं
त्यातून थेट माणूस पाहिला.
आकडे काहीही लावा, माणूस जसाच्या तसा;
चूक झालीच तर ती नंतर कळायची,
गिऱ्हाईक घरी गेल्यावर.

मॅन्युअल. एकशेपंचवीस, आठ, शंभर.
पाढ्यासारखे पाठ आकडे.
डोळा लावला,
आत काळोख.
स्टूल नाही, पडदा नाही, बाई नाहीत.
"झाकण काढलंत का?" बाईंनी विचारलं.
काढलेलं होतं. तरी बोट लावून पाहिलं.

चिनात्सु हीटरजवळून उठलीसुद्धा नाही.
"तो खरं तेच दाखवतोय, मास्तर.
खोलीतला उजेड या आकड्यांना पुरत नाही.
फ्लॅश अजून उडायचाय,
ते त्याला काय ठाऊक?"

धक्क्यावर ओकुयामाचं मासळीचं दुकान होतं,
गल्ल्यावर पाटी: आज रोख, उद्या उधार.
बोट दोन तासांवर आली असली,
वायरलेसवर तिचा आवाज येत असला,
तरी तो त्या माशावर एक येन सोडायचा नाही.
हा तसलाच.
समोर आहे तेवढ्या उजेडाचाच माल.
डोळ्याची पापणी लवण्याआधी येऊन जाणारी वीज
हा वहीत धरतच नाही.

मेनूची तीन पानं, एक ओळ, बंद केली.
आणि बाई उजळल्या:
पन्नास उन्हाळे किनाऱ्यावर कोंबू वाळवून रापलेलं कपाळ,
भुवईत एकच लांब पांढरा केस.
बरं वाटलं. मग वाटलं,
हा उजेड कुणाचा?
खोलीचा नव्हे, फ्लॅशचाही नव्हे.
यंत्राने माझं मन राखायला
पदरचा घातलेला.

पहिले सात फोटो बाईंनी नाकारले.
"ही मी नाही, ही माझी नणंद."
नववा घेतला. त्यात त्या काहीतरी विचारणार आहेत,
ओठ जेमतेम सुटलेले.
काय विचारणार होत्या ते त्यांनाही आठवेना.

गुरुवारी मला किनाऱ्यावर नेलं.
कोंबूची शेड पाडणार होते, तिच्यासमोर एक हवा होता.
लख्ख ऊन, बर्फावर बर्फ,
समुद्रात उत्तरेकडून आलेले हिमखंड.
फाइंडरमध्ये सगळं कसं जिथल्या तिथे,
शेडच्या फळ्यांवरच्या मिठाच्या रेघासुद्धा.
मी अकरा वेळा बटण दाबलं.
आकडे मंगळवारचेच होते.
ती ओळ अजून बंदच होती.

मागच्या पडद्यावर पाहिलं तर
शेड नाही, समुद्र नाही.
पांढरं.
मधोमध किमोनोच्या निळ्याचा पुसट डाग
आणि दोन गमबूट.

माफी मागितली, आकडे बदलले, पुन्हा काढले, नीट आले.
बाईंनी चष्मा वर करून आधीचाच एक
बराच वेळ धरून ठेवला.
"यात बर्फ फार पडलाय," म्हणाल्या,
आणि त्याचीही एक प्रत सांगितली.

ती ओळ मी आता बटणावर बसवली आहे, अंगठ्याखाली.
चालू, बंद.
गिऱ्हाईक यायच्या आधी कधी कधी
चालू ठेवून रिकाम्या स्टुलाकडे बघतो,
म्हणजे काळोखाकडे.
फ्लॅश तयार असल्याची शिट्टी ऐकू येते.

प्रती न्यायला बाई शनिवारी आल्या.
मोठा फोटो कापडात गुंडाळला,
पांढरा तसाच पिशवीत टाकला.
त्याचे पैसे मी घेत नव्हतो.
त्यांनी नाणी मोजून काउंटरवर ठेवली.
रोख.