गोडं पाणी

त्या मे महिन्यात मावशी बारा वर्षांनी माहेरी आली.
स्वतःच्या पसंतीनं केलेला कोकणातला नवरा,
दिगंबरकाका, बंदरखात्यात कारकून,
आणि माझ्याच वयाची सुलेखा, शंखांचा डबा पोटाशी धरून.
भुसावळच्या फलाटावर नळाचं पाणीही चटका देत होतं.
"इकडे वारा कुठून येतो?" काकांनी विचारलं.
अण्णा म्हणाले, "येत नाही. कुलर लावतो."
बारा वर्षांत त्यांच्याशी बोललेलं
हे अण्णांचं पहिलं वाक्य.

सुलेखाला एक खोड होती.
कुठल्याही घरात, कुठल्याही ओट्यावर उभी राहून विचारायची,
समुद्र कोणत्या बाजूला?
फैजपुरात या प्रश्नाला उत्तर नसतं.
मी केळीच्या बागांकडे बोट दाखवलं
आणि दिवसभर माझंच मला वाईट वाटलं.

अण्णांनी ते ऐकलं असावं.
रात्री गच्चीवर, पाणी शिंपडलेल्या फरशीवर आडवे होत म्हणाले,
"उद्या रज्जाकची जीप सांगतो.
आपल्याकडे काय पाणी नाही?"

हतनूरला धरण मागे सरकलं होतं.
भेगाळलेल्या गाळावरून चालतच राहिलो.
मध्ये डांगरवाडी, पाचटाची खोपी,
राखणदार म्हाताऱ्यानं गुडघ्यावर टरबूज फोडलं,
अण्णांनी पैसे काढले तर रागावला,
"पाव्हनं हाये ना, खाऊ द्या."
त्यापुढे बुडीत गावाचा एक ओटा उघडा पडलेला,
ओट्यावर जातं, जात्याच्या तोंडात गाळ.
काका त्यावर टेकले. म्हणाले,
"आमच्याकडे ओहोटी दिवसातून दोनदा."
"आमच्याकडे वर्षातून एकदा," अण्णा म्हणाले.
दोघंही हसले,
पण एकाच गोष्टीला नाही.

पद्मालयाच्या तळ्यात कमळं होती, हे आई सांगते.
मला फक्त माकड आठवतं,
मावशीच्या पिशवीतली शेव पळवणारं, तिखट लसणी शेव,
आणि पहिल्या घासानंतरचं त्याचं तोंड.
आई हसून हसून पायरीवरच बसली.
बहिणीशी ती कुठल्यातरी जुन्या आवाजात बोलायची,
आम्ही जन्मण्याआधीच्या.

तोरणमाळ लांब.
जीप शहाद्याजवळ एकदा तापली, घाटात दोनदा,
रज्जाकनं आमच्या प्यायच्या बाटल्या रेडिएटरला पाजल्या,
वर पोचेतो कुणाच्या तोंडाला थुंकी नव्हती.
यशवंत तलावावर ऊन कलतं झालेलं.
एक पावरा बाई कमरेइतक्या पाण्यात उभी,
हंडा बुडवून, घाई नसल्यासारखी.
सुलेखा धावली. ओंजळ भरली.
सवयीनं आधी जिभेचं टोक लावलं
आणि थांबली.
मग दुसरी ओंजळ. तिसरी. फ्रॉक भिजला.
वळून ओरडली,
"आई, एवढं सगळं पिता येतं!"

तेव्हा मावशी हळूच बोलली,
घरामागची विहीर मचूळ आहे,
होळी झाली की दोन हंडे, तेही ओळखीनं.
आम्हाला वाटायचं, समुद्राकाठची माणसं
पाण्यात लोळत असतील.
अण्णा काही म्हणाले नाहीत.
गुडघे मोडून काठाला बसले, तोंड धुतलं,
पुन्हा धुतलं,
मग काकांना हात धरून खाली उतरवलं. दगड शेवाळलेले होते.

जाताना सुलेखानं शंखांचा डबा मला दिला,
तेलाच्या कॅनमध्ये तलाव भरून नेला.
पुढे पत्र आलं: पाणी हिरवं झालं,
बाबांनी ओतू दिलं नाही, तुळशीला घातलं,
तुळस बरी आहे.

मी समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर, एकटाच.
आधी जिभेचं टोक लावलं.
थुंकलो.
शेजारचं पोर माझ्याकडे बघून हसलं.
त्या रात्री लॉजवर अण्णांना कार्ड लिहायला बसलो,
बरंच खोडलं.
उरलं ते एवढंच:
इथे वारा आहे.