पंधरा मिनिटांची वही

माझं काम खुर्चीचं आहे.
प्लॅस्टिकची खुर्ची, काचेच्या दारासमोर,
रात्री अकरा ते पहाटे तीन,
तासाला चाळीस सेंट.
मीही कैदीच; फरक एवढाच की माझ्या हातात पेन आहे,
तेही रबरी, लिहिता लिहिता वाकणारं.

आत डेलमार लाक्सो.
परवा रात्री आणला. पायात कागदी चपला,
अंगावर गोधडीएवढा जाड हिरवा झगा.
लेक सुपीरिअरवरून बर्फ येतोय म्हणे.
मिस कोस्की सांगतात तेवढंच आमचं आभाळ.

११:१५. भिंतीकडे तोंड.
११:३०. भिंतीकडे तोंड. श्वास दिसतो.
११:४१. तसाच.

प्रशिक्षणाच्या खोलीत एका पानाची झेरॉक्स लावली आहे,
मागच्या हिवाळ्यातली.
कुणीतरी एका बैठकीत सहा ओळी उरकल्या होत्या,
एकच शाई, एकच वळण:
झोपला आहे. झोपला आहे. झोपला आहे.
तो रेमी बूशे. एकोणीस वर्षांचा.
त्याला शिट्टी वाजवता यायची नाही
आणि दिवसभर तो तेवढंच शिकत असायचा.

चार दिवस शिकवलं आम्हाला. माझ्या लक्षात एवढंच राहिलं:
सरळ विचारा.
विचारल्याने मनात नवं काही शिरत नाही,
असतं ते दाराशी येतं.

१२:०५ ला मी विचारलं, काचेच्या फटीतून,
आजाऱ्याला भूक विचारावी तशा आवाजात:
मरावंसं वाटतंय का, डेलमार?
बराच वेळ नुसती हीटरची टकटक.
मग भिंत म्हणाली, हो.
मग भिंत म्हणाली, डचेस घरात आहे.

मला वाटलं, बायको.
कुत्री निघाली. तेरा वर्षांची, एका डोळ्याने अधू.
त्याला नेताना मागचं दार कुणीतरी ओढून घेतलं,
तेव्हापासून आत एकटी. भांड्यात पाणी अर्धंच होतं.
हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.
कुणी विचारलंही नव्हतं.
फॉर्मवर रक्तदाब होता, धर्म होता, कवळी आहे का ते होतं.

मी घंटी दाबली.
मिस कोस्की आल्या. जरा वेळ नियम चघळत उभ्या राहिल्या,
मग रात्री साडेबाराला
त्याच्या गल्लीतल्या कुणा म्हातारीला फोन लावून उठवलं,
अंगणातला बर्फ उपसत जायला लावलं.
शिवाय रात्रपाळीच्या नर्सलाही बोलावलं.
ती दारात बसून त्याच्याशी बोलली. काय ते मी ऐकलं नाही.

१:२०. उठून बसला आहे.
२:१०. निरोप आला. डचेस जिवंत.
म्हातारीच्या हातमोज्याला चावली.
डेलमार हसला नाही. पण तोंड इकडे केलं.

जीव अडकलाय त्याचा त्या कुत्रीत.
अडकू दे.
जीव कुठेतरी अडकलेला बरा.

'झोपला आहे' असं मी कधीच लिहीत नाही.
श्वास मोजतो, आकडा लिहितो.
२:४५. डोळे मिटलेले. मिनिटाला सोळा.

तीनला बदली आली, मी उठलो,
तर आतून आवाज: उद्या अकराला तूच का?

वहीत मी लिहिलं: उद्याबद्दल विचारलं.
आणि खाली: खुर्चीचा एक पाय हलतो,
बदलून द्या.