पश्चिमेची खिडकी

नाचणकर गावी गेले, लेकीच्या बाळंतपणाला,
आणि तिसऱ्याच दिवसापासून
खैरानी रोडवरच्या आमच्या गाळ्यातून
माल परत येऊ लागला.

सगळा नाही. चारनंतर तपासलेला.
संध्याकाळी ज्या पितळी बुशात गेज अलगद उतरायचा
त्यातच सकाळी गिऱ्हाईकाकडे अडायचा.
फरक केसाच्या सातव्या हिश्शाचा.
तेवढ्यासाठी अख्खा टेम्पो माघारी.

मी आधी मशीनला बोललो,
मग पितळ पुरवणाऱ्या शेठला,
मग रामसजीवनला,
कारण तो सगळ्यांत जवळ उभा होता.

हर्षला घरत बोलली नाही.
लागून सहा महिने झालेले तिला.
टेबलापाशी स्टूल ओढून
ती दुपारभर नुसती बसून राहिली.
पावणेचारला ऊन तिच्या चपलेवर आलं,
मग मांडीवर, मग टेबलावर चढलं,
बुशांच्या ट्रेमध्ये ऐसपैस पसरलं.
तिने एक बुश उचलला आणि गालाला लावला.

मग फोन. पलीकडे भलत्याच वेळी कोंबडा आरवत होता.
"अगो, खिडकीला पेपर नाय लावलात?"

बावीस वर्षं तो माणूस
रोज दुपारी कालचा पेपर भिजवून
काचेवर चिकटवत होता.
आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला ऊन सोसत नाही.
त्यांनी सांगितलं नाही,
आम्ही विचारलं नाही,
आणि गिऱ्हाइकांना छातीठोक सांगत राहिलो:
आमची क्वालिटी.

त्याच खिडकीसमोर भिंतीवर
सल्लागाराने लावून दिलेला तक्ता आहे, 'सतत सुधारणा'.
चार बाण एकमेकांच्या पाठी लागलेले.
उन्हाने त्यांचा रंग उडालाय.
तेही कोणी पाहिलं नव्हतं.

आता ग्राइंडरच्या पायाला सुतळीने बांधलेली
एक दोनशे पानी वही आहे.
पहिली ओळ हर्षलाची:
साडेतीनला खिडकी झाकणे. कारण –
'कारण'खाली दोन रेघा.
त्याखाली रामसजीवनचं हिंदी:
तीन नंबरचा पट्टा दमट हवेत गातो,
गाणं बदललं की थांबवा.

मी विचारलं, चूक कोणाची, तो रकाना कुठाय?
ती म्हणाली, मग लिहील कोण?

नाचणकर परतले, फणसाचे गरे घेऊन.
चष्मा पुसून वहीपाशी उभे राहिले.
बराच वेळ.
मला धास्ती, की म्हातारा दुखावणार:
बावीस वर्षांची गोष्ट
कोणीतरी एका ओळीत बसवली.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली,
'साडेतीन'वर काट मारली,
बाजूला लिहिलं:
मार्गशीर्षात तीनलाच. ऊन तिरकं येतं.

मग स्टूल ओढलं. पान उलटलं.
चहा आला, निवला, त्यावर साय धरली.
आम्ही कोणी हाक मारली नाही.