तळापर्यंत

उन्हाळाभर कुणाला कळलं नाही.
कूलरच्या घरघरीत खपून गेलं सगळं.
दिवाळी झाली, कूलरवर पोतं टाकलं
आणि माझा आवाज उघडा पडला:
टक टक, टकाटक,
पिंप्राळ्याच्या या दहा बाय बाराच्या खोलीत,
सकाळी नऊपासून.

सेवंती वळवी रात्रभर सिव्हिलला.
साडेआठला येते, पाय धुते,
रात्रीची अर्धी भाकरी चहात बुडवून खाते,
भिंतीकडे तोंड करून झोपते.
तक्रार कधीच नाही.
एकदाच, वेणी घालता घालता म्हणाली,
"तुझ्या टकटकीत मला सात नंबरचा म्हातारा दिसतो गं.
पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवायचा.
मी झोपेत उठून जाते त्याच्याकडे."
वेणी झाली. विषय संपला.

पानाला अठरा रुपये.
केळीच्या करप्यावरचा कुणा सरांचा प्रबंध
माझ्या बोटांतून चाललेला,
प्रकरण तिसरं, पानांवरचे ठिपके.
हिशेब मांडला: दीडशे पानं म्हणजे सत्तावीसशे.
त्याच्यावर दमडी नाही.

गोलाणी मार्केटातला पोरगा म्हणाला, ताई, दाबून बघा.
निळी बटणं: पऱ्हाट्या पेटल्यागत तडतड. नको.
तांबडी: लोण्यात बोट. अक्षर कुठं लागलं तेच कळेना.
तपकिरी बरी होती, पण खाली टेकली की बोलायची.
मग त्यानं काउंटरखालून एक काढला,
खोकं फाटलेलं,
आकड्यांची उजवी बाजू छाटलेला, दीड वितीचा.
माझ्या टेबलावर तेवढीच जागा,
उरलेल्या अर्ध्यात सेवंतीचा डबा, बीपीचं मशीन.
"हर बटणाच्या पोटात रबराची टिकली आहे."
मी कान खाली नेला.
बाजरीच्या ढिगात बोट खुपसावं, तेवढाच.
किती? बत्तीसशे.
मी उठले.
तो सत्तावीसशे म्हणेपर्यंत
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते.

"तळापर्यंत मारू नका," पैसे मोजताना तो म्हणाला,
"अक्षर अर्ध्या वाटेतच लागतं."

मला कुठून यायचं ते?
एरंडोलच्या क्लासात भावसार सर
फूटपट्टी घेऊन मागे उभे: जोर! जोर!
कार्बनखालच्या तिसऱ्या प्रतीवर ज्ञ उमटला पाहिजे!
आठवडा गेला बोटांची समजूत काढण्यात.
खाली जुन्या टॉवेलची घडी.
लांब पट्टी तेवढी किरकिरायची,
तिला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, काडीनं.
करप्याची टक्केवारी आली की
वरच्या ओळीतून एकेक आकडा वेचायचा,
तुरीतले खडे वेचावे तसा.

एक दिवस सेवंती दोनपर्यंत झोपली.
दचकून उठली. "लाइट गेली होती का? काम नव्हतं?"
बावीस पानं झाली, मी म्हटलं.
ती जवळ आली, एका बोटानं एक बटण दाबलं.
पडद्यावर व आला,
तिच्या आडनावात दोनदा येणारा.
"हं," म्हणाली, "मांजर चालतंय."

जानेवारीत तिची ऑर्डर निघाली.
धडगाव, ग्रामीण रुग्णालय.
डबा नेला, मशीन नेलं,
पलंग भिंतीला उभा करून ठेवलाय.
टेबल अख्खं माझं आता
आणि खोलीत झोपलेलं कुणी नाही,
तरी माझी बोटं चवड्यांवरच.

काल रात्री दीडला फोन.
वॉर्ड गप आहे, म्हणाली, डोळा लागतोय,
काहीतरी कर.
मी म्हटलं, टाइप करतेय, शेवटचं प्रकरण.
"ऐकू येत नाही."
फोन कीबोर्डला टेकवला.
"अजून नाही."
टॉवेल ओढून काढला,
मनगटं उचलली भावसार सरांच्या धाकात
आणि मारलं, तळापर्यंत.

"आला," ती म्हणाली. "सात नंबर."

तीन वाजेपर्यंत सहा पानं झाली,
चुका धरून.