हात थांबवायचा नाही

शुक्रवार.
रुवीच्या डोंगरांवर अजून ऊन उतरलेलं नाही.
एसीची घरघर, आणि फरशीवर दोन उघड्या बॅगा,
सतरा दिवस तशाच.
एकीत स्वेटर आहेत. अकोल्याला लागतील का,
हे कुणी ठरवत नाही.

दिगंबर गॅलरीत.
रात्रभर होता की पहाटे उठला, मी विचारलं नाही.
घरात सध्या प्रश्नांना बंदी आहे.
कुणी घातलेली नाही, तरी आहे.

मी डबे उघडून पाहिले.
नेणं परवडत नाही, टाकवत नाही, असं काय काय:
मूठभर तूरडाळ, तळाशी चिकटलेला गूळ,
आणि अर्धा डबा कणीक, जाडसर,
मुद्दाम दळून आणलेली,
तेव्हा पगार होत होता.

म्हटलं, उकडपेंडी.

तेल, मोहरी, हळद.
दोन कांदे, बारीक नाहीत, घाईचे.
मिरच्या इथे मिळतात त्या नुसत्या दिसायला लांब,
म्हणून पाच.
कढीपत्ता समोरच्या शैलजाचेचीचा.
परवा तिने कुंडीच आणून दारात ठेवली,
म्हणाली, जाईपर्यंत तुझी.
म्हणजे तिलाही कळलंय.

मग पीठ.
आणि पीठ कढईत पडलं
की माणसाला दुसरं काही करता येत नाही.
हात थांबला की खालून लागतं.

फोन वाजला. गाडीसाठी असणार.
जाहिरात टाकल्यापासून सगळे एकच विचारतात,
लास्ट प्राइस?
सलाम नाही, नाव नाही.
सूरच्या रस्त्यावर कणादला उलटी झाली होती,
मागच्या सीटवरचा तो डागसुद्धा
किमतीतून वजा करतात.
वाजू दिला.
पुन्हा वाजला. सराटा फिरत राहिला.
पीठ बदामी होत गेलं
आणि तो भाजक्या गव्हाचा वास
बंद दारांच्या फटींतून
ज्याच्या त्याच्या उशीपर्यंत गेला.

गॅलरीचं दार सरकलं.
"जळतंय."
"जळत नाही. भाजतंय."
"दे इकडे."
दोन आठवड्यांतलं आमचं सगळ्यात लांब बोलणं.

त्याने सराटा घेतला, मी लबानची बाटली.
चौदा वर्षं हेच आमचं ताक, किंचित खारट.
आता तिकडचं ताकच
चुकल्यासारखं लागेल बहुतेक.
शिंपडलं. चर्र झालं.
वाफ त्याच्या चष्म्यावर बसली
आणि त्याने ती पुसली नाही, बराच वेळ.
मीही झाकण शोधत राहिले,
हातात असताना.

मैत्रेयी उठून आली, केस तसेच.
कणादने थेट कढईत बोट घातलं.
"खरपुडी माझी."
"मागच्या वेळी तूच खाल्लीस!"
"मागच्या वेळी म्हणजे कधी? जानेवारीत?"
अशी जुंपली की खालच्या मजल्यावर ऐकू जावं.
व्हिसावरून नाही, शाळेच्या दाखल्यावरून नाही,
तळाला लागलेल्या चार घासांवरून.
मी मध्ये पडले नाही.
भांडू दिलं, पोटभर.

चौघं जमिनीवर बसलो, बॅगांच्या मधल्या जागेत.
टेबल सोमवारी गेलं.
वरून कच्चं तेल, लिंबू.
कुणी बोलत नव्हतं, पण ते न बोलणं
कालच्यासारखं नव्हतं.

फोन पुन्हा.
या वेळी दिगंबरने उचलला, तोंडात घास.
"हां भाई, गाडी है. आधे घंटे बाद.
अभी खा रहे हैं."
मग पलीकडचं काहीतरी ऐकत राहिला,
आणि चक्क हसला.

"काय म्हणतो?"
"काय खाताय, विचारतो."
"मग?"
त्याला उकडपेंडीला हिंदीत काय म्हणतात ते येईना.
आम्हालाही येईना.

डब्यात अजून एका वेळेचं पीठ आहे.
ते मी बॅगेत भरणार नाही, आणि
आजच संपवणारही नाही.